सारख्या स्पेलिंगचे इंग्रजी शब्द: गल्लत कशी टाळता?

शाईचा_डाग:
काल मेलमध्ये साहेबांचा हुद्दा ‘प्रिन्सिपल इंजिनिअर’ लिहिला, पण शेवटी पी-ए-एलच्या जागी पी-एल-ई. साहेब झाले ‘तत्त्व अभियंता’! स्पेलचेकने हूं की चूं केलं नाही. जोड्यांची यादी पाठ केली की आणखीच गोंधळ होतो. काही उपाय?

कानामात्रा:
स्पेलचेक बोलणार कसा, दोन्ही शब्द खरेच आहेत. ‘दिन’ आणि ‘दीन’सारखं. ‘शिक्षक दीन’ लिहिलं तरी शब्द म्हणून चूक नाही, शिक्षक तेवढे गरीब होतात.
जोडी शेजारी ठेवून घोकू नका. एकेक शब्द त्याच्या भावकीसकट ओळखा. पूरक अर्थाच्या ‘कॉम्प्लिमेंट’मध्ये मधे ई, कारण तो ‘कम्प्लीट’च्या घरातला. आय असलेला म्हणजे कौतुक. वह्या-पेनांच्या ‘स्टेशनरी’त ई, कारण ती विकणारा ‘स्टेशनर’, त्याच्या शेवटी ई-आर. ए असलेली स्टेशनरी म्हणजे जागचं न हलणारं. गंमत म्हणजे मूळ एकच: फिरत्या विक्रेत्यांच्या काळात एका जागी दुकान मांडून बसणारा तो स्टेशनर.

उंटावरून:
‘डिस्क्रीट’साठी माझी युक्ती: दोन ई-च्या मधे टी उभा असेल तर सुटं-सुटं, वेगळं. दोन्ही ई एकमेकांना चिकटून कुजबुजत असतील तर गुपित राखणारा.

शाईचा_डाग:
हे डोक्यात बसलं! ‘अफेक्ट’-‘इफेक्ट’चं काय?

कानामात्रा:
बहुतेक वेळा ए-वालं क्रियापद, ई-वालं नाम. ‘घडवून आणणे’ या अर्थी ई-वालंही क्रियापद होतं, पण ते क्वचित. त्यावर रात्र जागवू नका.

झोपाळू_प्रूफवाली:
मला जास्त छळतं ते ‘लूज’. आपण मराठीत ‘शर्ट लूज झाला’ म्हणतो आणि तिथेच फसतो. सैल या अर्थाचा इंग्रजी उच्चार ‘लूस’, त्यात दोन ओ. गमावणे म्हणजे ‘लूझ’, त्यात एकच ओ. एक हरवला असं समजा. ‘अ‍ॅडव्हाइस’ही तसंच: ‘स’ ऐकू आला तर नाम, सी लिहा, ‘झ’ आला तर क्रियापद, एस लिहा. ‘प्रॅक्टिस’ला मात्र कान कामाचा नाही. ब्रिटिश पद्धतीत नामाला सी, क्रियापदाला एस, उच्चार तोच; अमेरिकेत दोन्हीकडे सी.

शाईचा_डाग:
‘लूज’ वाचून जुने मेल उघडले. सगळ्या टीमला तीनदा बजावलंय मी, बॅकअप घ्या, नाहीतर डेटा सैल होईल.