आळंदी ते पंढरपूर, आईसोबत पहिली वारी: कपडे काय घ्यावेत?

पहिलीच_वारी
यंदा आईबरोबर माउलींच्या पालखीसोबत पूर्ण चालायचं ठरवलंय. दिंडीत नावं दिलीत, सामान ट्रकमध्ये जाईल. अडलंय कपड्यांवर. आई सुती नऊवारीशिवाय काही नेसणार नाही म्हणते, मी रेनकोट आणि बूट घेऊन बसलेय. मैत्रीण २०२३ला गेली होती, ती सांगते, "पावसाचं काही घेऊच नकोस, उन्हाने करपलो." काय करू?

नीराकाठ
मैत्रिणीचं खरं आहे, पण त्या वर्षापुरतं. २०२३ला आषाढी २९ जूनला होती आणि पाऊसही लांबला होता. २०२४ला एकादशी आली १७ जुलैला. वारी तिथीने चालते, त्यामुळे आधी कॅलेंडर बघा, मग बॅग भरा.

पुण्यापर्यंत आणि दिवेघाटात भिजायचं हे धरूनच चाला. नीरा ओलांडली की लोणंद, फलटण, माळशिरस सगळा कमी पावसाचा पट्टा. तिथे ऊन आणि फुफाटा, पातळ सुती ओढणी किंवा पंचा डोक्याला हवाच.

रेनकोट घरी ठेवा. घाट चढताना आत घामाने आंघोळ होते. बायका प्लास्टिकचा कागद खोळ करून डोक्यावरून घेतात, तो घ्या. पाठीवरची पिशवीही झाकली जाते आणि रात्री तोच अंथरुणाखाली येतो.

टाळकरी७२
ट्रक पुढे निघून जातो, तो संध्याकाळी मुक्कामालाच भेटतो. म्हणून एक कोरडा जोड खांद्यावरच्या पिशवीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. पुणे-सासवड तीसेक किलोमीटरची चाल आहे, त्या दिवशी तर विसरूच नका. बूट नकोत. ओल्या मोज्यात फोड येणार म्हणजे येणार. वापरून मऊ झालेली पट्ट्याची चप्पल बरी.

सासवडची_सून
आईंना नऊवारीच नेसू द्या, कासोट्यामुळे पाय मोकळा पडतो. फक्त सुती नको. भिजली की मणभर होते आणि तंबूत रात्रभर वाळत नाही. नायलॉनची पातळ घ्या. ती आम्ही चालता चालताच वाळवतो: एक टोक माझ्या हातात, दुसरं जावेच्या, मधे वारा. मागचे वारकरी कुरकुरतात, कुरकुरू देत.

मांड्या काचतात हे कुणी सांगत नाही. आत गुडघ्यापर्यंतची घट्ट चड्डी घाला, रात्री खोबरेल लावा.

मी पहिल्या वर्षी सुती ड्रेस नेला होता. सासवडला दोन मुक्काम करूनही दमटच राहिला, त्यावर जेजुरीत भंडारा उधळला गेला. तो पिवळा डाग आजतागायत गेलेला नाही.

पहिलीच_वारी
आईला नायलॉनचं सांगितलं. "सासूबाईंची एक आहे पेटीत," म्हणाली आणि काढायलाच बसली! बूट उद्या परत करते. कागद दोघींत एक पुरेल का?

नीराकाठ
तीन घ्या. एक घाटातच फाटतो.