साउंड इंजिनिअरिंगचा कोर्स म्हणजे ‘पैसे पाण्यात’? मला हे अजिबात पटत नाही

धोबीतलाव

काल इथे डोंबिवलीच्या एका बाबांनी विचारलं होतं की मुलगी बारावी झाली, तिला साउंड इंजिनिअरिंग शिकायचंय, अंधेरीच्या बाजूच्या संस्था लाखांत फी सांगतात, काय करू? त्यावर ‘मधली पट्टी’ यांनी तीन वाक्यांत निकाल लावून टाकला. ‘कोर्स म्हणजे पैसे पाण्यात. इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडायचा डबा), माईक आणि हेडफोन घेऊन द्या, बाकी सगळं यूट्यूबवर आहे. स्टुडिओत सर्टिफिकेट कोणी विचारत नाही.’ खाली लोकांनी ‘अगदी बरोबर’चा पाऊस पाडला. म्हणून हे लांबलचक उत्तर.

सर्टिफिकेटचं खरं आहे. एकोणीस वर्षांत माझं कोणीही बघितलेलं नाही. पण मी कोर्समध्ये काय शिकलो ते सांगतो.

दुसऱ्या महिन्यात आम्हाला ढोलकी रेकॉर्ड करायला दिली. मी दोन्ही तोंडांना एकेक माईक लावला. वेगवेगळे ऐकले तर दोन्ही झकास, एकत्र केल्यावर ढोलकीचा दम गेला, पार पत्र्याचा डबा. मी पाऊण तास इक्वलायझर फिरवत बसलो. सर मागे उभे होते, एक अक्षर बोलले नाहीत. शेवटी पुढे आले आणि एका चॅनेलचं पोलॅरिटीचं, म्हणजे माईकचा सिग्नल उलटा करणारं, बटण दाबलं. ढोलकी अंगावर आली. मग विचारलं, ‘का झालं?’ एका तोंडावर थाप पडली की ते आत जातं आणि आतली हवा दुसरं तोंड बाहेर ढकलते. एका माईकपासून कातडं लांब जातंय तेव्हा दुसऱ्याकडे ते येतंय. दोन्ही उलटे, म्हणून खालचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. हे व्हिडिओत सापडेल, नाही म्हणत नाही. पण आपलं चुकतंय हेच ज्याला ऐकू येत नाही, तो शोधणार काय?

आणि घरच्या खोलीचं काय? आपल्याकडे खोली म्हणजे दहा बाय दहा, उंचीही साधारण तेवढीच. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये तो ५६ हर्ट्झला, म्हणजे अगदी खालच्या सुराला, अडकून घुमतो, मग त्याच्या दुप्पट ११२ ला. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारख्या असल्या की तिन्हीकडून तेच आकडे एकावर एक बसतात. कोपऱ्यात बसलात तर बेस गडगडतो, खोलीच्या मधोमध ५६ चा सूर जवळजवळ गायब होतो. अशा खोलीत मुलगी दोन वर्षं मिक्स करत बसली तर तिचा कान त्या खोलीचा गुलाम होईल. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून यातलं काहीही सुटत नाही. तो पुठ्ठा खालच्या आवाजाला अडवत नाही आणि बाहेरचा भाजीवालाही आत येतोच.

एफटीआयआय या सरकारी फिल्म संस्थेचं नाव कालच्या चर्चेत कोणीतरी घेतलं होतं. पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, १९६० पासूनची संस्था आहे. सिनेमाचं साउंड करणारे रसूल पुकुट्टी तिथलेच, २००९ मध्ये ऑस्कर घेऊन आले. पण तिथे ध्वनीच्या तीन वर्षांच्या कोर्सला आधी पदवी लागते आणि प्रवेश परीक्षा द्यावी लागते. कोलकात्याच्या सत्यजित राय फिल्म संस्थेतही पदवी लागतेच. म्हणजे बारावीनंतर थेट दोन्हीकडे नाही. मुलीला कळवा.

बाकी खासगी संस्थेत जाऊन एकच गोष्ट विचारायची. एका मुलाला कन्सोलवर (सगळ्या माईकचे आवाज जुळवायचं मोठं टेबल) स्वतःच्या हाताने आठवड्याला किती वेळ मिळतो, आणि त्या वेळात चूक ऐकणारा माणूस मागे उभा असतो का. काचेच्या भिंती आणि भिंतीवरचे फोटो बघायला जाऊ नका.

मधली पट्टी

तुम्हाला असे सर भेटले, नशीबवान आहात. मला नाही भेटले. नाव घेत नाही, पण वडिलांनी माझ्यासाठी कर्ज काढलं होतं. सहा महिने पडद्यावर कॉम्प्रेसरची, म्हणजे आवाजाची चढउतार आवरणाऱ्या यंत्राची, चित्रं दाखवली. कन्सोलला हात लावायला मिळाला तो परीक्षेच्या दिवशी. हप्ते चार वर्षं फेडले. त्यातली दोन वर्षं मी गोरेगावच्या एका डबिंग स्टुडिओत केबल गुंडाळत होतो आणि जे काही येतं ते तिथे शिकलो. पॅचबे (सगळ्या केबल जोडायची पाटी) कसा वाचायचा, आर्टिस्टचं डोकं फिरलेलं असताना टॉकबॅकवर (काचेपलीकडे बोलायचा माईक) किती बोलायचं, पंच-इन (चुकलेला तेवढाच तुकडा पुन्हा रेकॉर्ड करणं) श्वासाच्या आधी घ्यायचा की नंतर. हे कुठल्या अभ्यासक्रमात आहे ते दाखवा.

आपल्याकडे गाणंसुद्धा गुरूच्या मागे बसून शिकतात. ही विद्याही तशीच आहे. डोंबिवलीच्या त्या बाबांनी कर्ज काढू नये, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आजही आहे.

शेवटची लोकल

‘गुरूच्या मागे बसून’ ऐकायला छान वाटतं, पण किती महिने आणि कोणाच्या पैशावर?

मी बदलापूरची. स्टुडिओत असिस्टंट म्हणून उभी राहिले तेव्हा ‘सहा महिने पैसे नाहीत, शिकायला मिळतंय ना’ असं सांगितलं होतं. शिफ्ट आठ तासांची म्हणायची आणि संपायची रात्री दोनला. शेवटची गाडी केव्हाच गेलेली. मग स्टुडिओच्या सोफ्यावर नाहीतर रिक्षाला दिवसभराची कमाई, आणि कमाई तर नव्हतीच. माझ्याबरोबरचा मुलगा वर्सोव्याला राहायचा, तो टिकला. मी चौथ्या महिन्यात सोडलं. माझा कान त्याच्यापेक्षा वाईट नव्हता.

नंतर कोर्स केला तेव्हा पहिल्यांदा दिवसाउजेडी कन्सोलसमोर बसले. एकाही मुलीच्या बापाला ‘तिला स्टुडिओत सोडा, शिकेल’ असं सांगण्याआधी ती घरी कशी येणार ते सांगा.

मधली पट्टी

हे मी विचारात घेतलं नव्हतं. मला अंधेरीत मामाकडे राहायची सोय होती. फुकट राबवून घेण्याच्या मी विरोधातच आहे, तेवढं लक्षात घ्या.

तबला_दादर

तुम्ही संस्था की स्टुडिओ यावर भांडताय, पण दोन्हीकडून तयार झालेले इंजिनिअर आमच्या वाद्यांचं काय करतात ते कोण बोलणार?

मागच्या वर्षी आमच्या गुरुजींच्या बैठकीचं रेकॉर्डिंग झालं. इंजिनिअर डिप्लोमावाला, सामान उत्तम. फाइल आली आणि तानपुरा गायब! विचारलं तर म्हणाला, ‘सुरुवातीला सायलेन्स होता, तिथून नॉइजचा नमुना घेतला आणि सगळीकडून काढला.’ तो सायलेन्स नव्हता हो. गुरुजी डोळे मिटून बसले होते आणि तानपुरे लागलेले होते. जवारीचा, म्हणजे तार घोडीला घासून उठणारा, सगळा नाद त्याने गोंगाट म्हणून पुसून टाकला. वर बायाँ (डग्गा) असा दाबला की घसीट (तळहात सरकवून काढलेला नाद) ऐकूच येत नाही, नुसतं ढप् ढप्. गुरुजींनी एकदा ऐकलं आणि हेडफोन खाली ठेवला. काही बोलले नाहीत. मला त्यांच्याकडे बघवेना.

ज्याला सूर कळत नाही त्याला माईकला हात लावू देऊ नये. त्या मुलीला आधी दोन वर्षं गाणं नाहीतर तबला शिकू दे.

मधली पट्टी

दादा, कलाकारांचीही बाजू ऐका. मी कार्यक्रमांचं साउंडही करतो. अर्धे गायक मोबाइलमधला तानपुरा लावतात आणि फोन माईकला टेकवून ठेवतात. तबलजी मॉनिटर (त्यांच्यासमोर ठेवलेला स्पीकर) ‘अजून वाढवा, अजून वाढवा’ करत फीडबॅक येईपर्यंत नेतात आणि शिट्टी वाजली की सगळं सभागृह माझ्याकडे बघतं. साउंड चेकला चारला बोलावलं तर साडेसहाला येतात. मग कसला जवारीचा नाद टिपायचा?

तबला_दादर

उशिरा येणाऱ्यांचा राग माझ्यावर काढू नका. मी चारला येतो. वीस वर्षं येतोय. मॉनिटर वाढवायला सांगतो कारण मला गायकाचा श्वास ऐकू येत नाही आणि समेवर मी चुकलो तर नाव माझं जातं, तुमचं नाही. तबल्याच्या अगदी तोंडाशी माईक आणून ठेवता, त्यात किनार (कडेवरचा बोल) टोचते आणि शाईचा (मधल्या काळ्या गोलाचा) नाद येतच नाही. जरा लांब घ्या म्हटलं की ‘फीडबॅक येईल’. मग वाजवणाऱ्याने काय करायचं?

खर्जातला

मी टेपच्या काळातला. दोन इंची टेपचा अडीच हजार फुटांचा रोल सेकंदाला ३० इंचांनी फिरवला तर १६ मिनिटं ४० सेकंदांत संपायचा. म्हणून वादकाला आणि रेकॉर्डिस्टला एकमेकांचं ऐकून घ्यावंच लागायचं, साठ टेक घ्यायची सोय नव्हती. तबला आधी खोलीत उभं राहून कानाने ऐकायचा आणि मग माईकची जागा ठरवायची. ही तरुण मंडळी आधी हेडफोन लावतात.

शेवटची लोकल

काका, तेव्हा स्टुडिओत किती मुली होत्या तेही सांगा.

खर्जातला

आमच्याकडे एकही नव्हती. तुमचं बरोबर आहे.

धोबीतलाव

तबल्याच्या मुद्द्यावर मला मान खाली घालावी लागते. माझ्या कोर्समध्ये ड्रमकिटला तीन आठवडे होते. कुठल्या ड्रमला कुठला माईक, ओव्हरहेडचं (वर लावलेल्या माईकचं) अंतर, सगळं. तबला एका दुपारी उरकला. ढोलकी तर सरांनी स्वतःच्या हौसेने आणली होती, अभ्यासक्रमात नव्हती. तानपुरा मी संस्थेत एकदाही रेकॉर्ड केला नाही. मुंबईत राहून हे व्हावं याची मला आता लाज वाटते.

पण ‘सूर कळत नाही त्याने हात लावू नये’ हे मला मान्य नाही. मी गात नाही, मला राग ओळखता येत नाहीत. तरी तानपुऱ्याची तार उतरली तर मला कळतं, कारण ते ऐकायला कोणीतरी बसवून शिकवलं. तुमच्या त्या इंजिनिअरला कोणी बसवलं नाही. दोष शिकवण्यात आहे, आणि म्हणून शिकवणारी जागा नीट निवडावी लागते.

तबला_दादर

त्याला कोणी बसवलं नाही हे मान्य. पण त्याने आम्हाला एकदा विचारायला हवं होतं. गुरुजी समोरच होते.

डोंबिवलीचा बाबा

मी प्रश्न विचारून गेलो आणि इथे बरंच काही झालेलं दिसतंय. सगळं वाचलं. आज सुट्टी काढून मुलीला घेऊन पुन्हा एका संस्थेत गेलो आणि धोबीतलाव यांनी सांगितलेला प्रश्न विचारला. समोरच्या बाईंनी आधी ‘भरपूर प्रॅक्टिकल असतं’ असं सांगितलं. मुलीने वहीच काढली. बॅच २४ मुलांची, कन्सोल एक, आठवड्यात तीन-तीन तासांची दोन सत्रं. तिने तिथेच हिशोब केला, माणशी पंधरा मिनिटं आठवड्याला. तिने विचारलं, संध्याकाळी रिकामा असतो तेव्हा स्टुडिओ मुलांना मिळतो का? तर तेव्हा तो बाहेरच्यांना भाड्याने देतात.

आम्ही अर्ज न भरता आलो. दुसरीकडे बारा मुलांची बॅच आहे आणि रात्री आठपर्यंत विद्यार्थ्यांना खोली मिळते, पण फी जास्त आहे. मधली पट्टी, कर्ज काढावं लागेल. तुमचं म्हणणं डोक्यात आहे. रात्रभर विचार करतो.

मधली पट्टी

बारा मुलं असतील तर एकदा चालू वर्गातल्या दोन मुलांना गेटबाहेर गाठून बोला. ऑफिसमध्ये बसून नाही, बाहेर चहाच्या टपरीवर. ते हो म्हणाले तर मी माझा शब्द या एका जागेपुरता मागे घेतो. कर्ज मात्र शक्य तितकं कमी काढा.

शेवटची लोकल

आठनंतर अंधेरीहून डोंबिवलीला यायला घाटकोपर मार्गे मेट्रो बरी पडते, दादरला बदलायला लागत नाही. घाटकोपरला मात्र गाडीत चढणं कठीण, तिला एक-दोनदा सोबत घेऊन दाखवा.

तबला_दादर

संस्था कुठलीही घ्या, तिथे तबला-तानपुरा आहे का ते विचारा. नसेल तर रविवारी सकाळी तिला घेऊन दादरला या, आमचा रियाझ नऊला सुरू होतो. तिने माईक आणावा आणि हवा तिथे ठेवून बघावा, आम्ही वाजवत राहू. तानपुरे आधी अर्धा तास नुसते ऐकायचे, माईक बंद ठेवून. गुरुजींना मी विचारून ठेवतो.