सौरढाल असूनही ‘मिरी’ला वेगळे शीतक यंत्र का लागते?

प्रश्न
जेम्स वेब दुर्बिणीची पाच पदरी सौरढाल उपकरणांना सुमारे ४० केल्विनपर्यंत (उणे २३३ अंश सेल्सिअस) थंड ठेवते आणि निकट-अवरक्त उपकरणांचे तेवढ्यावर भागते. मग मध्य-अवरक्त टिपणाऱ्या ‘मिरी’लाच ७ केल्विनखाली नेणारे यंत्र का जोडले? आधीच्या स्पिट्झर अवकाश दुर्बिणीसारखी द्रव हेलियमची टाकी नेली असती, तर यंत्र बिघडण्याची धास्ती उरली नसती.

प्रतिसाद १
कारण शोधकात, म्हणजे प्रकाश टिपून त्याचा विद्युत संकेत करणाऱ्या भागात आहे. मिरीचे शोधक आर्सेनिक मिसळलेल्या सिलिकॉनचे असून सुमारे २८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीपर्यंतचा प्रकाश टिपतात. इतक्या लांब तरंगाच्या फोटॉनमध्ये ऊर्जा अगदी थोडी असल्यामुळे त्याने सुटू शकेल असा इलेक्ट्रॉन मुळातच सैल बांधलेला असावा लागतो. आणि असा इलेक्ट्रॉन ४० केल्विनच्या उष्णतेनेही सुटतो. मग समोर काळोख असतानाही शोधकातून प्रवाह वाहतो आणि दूरच्या दीर्घिकेचा क्षीण संकेत त्यात बुडून जातो.

प्रतिसाद २
टाकीबद्दल माझे मत वेगळे आहे. टाकी रिकामी होते तेव्हा दुर्बीण धडधाकट असूनही तिचे मुख्य काम थांबते. १९८३ मध्ये ‘आयरास’ या अवरक्त अवकाश दुर्बिणीचे हेलियम दहा महिन्यांत संपले. हर्शेल अवकाश दुर्बिणीने २,३०० लिटरहून अधिक हेलियम नेले, ते २०१३ मध्ये, चार वर्षांच्या आतच उडून गेले. स्पिट्झरचा साठा २००९ मध्ये संपल्यावर ३.६ आणि ४.५ मायक्रॉन हे दोनच पट्टे हाती राहिले. शिवाय टाकीही निर्धोक नसते: १९९९ मध्ये ‘वायर’ या अवरक्त दुर्बिणीचे झाकण वेळेआधी उघडले आणि थंडाव्यासाठी नेलेला गोठवलेला हायड्रोजन भराभर उडून मोहीमच हातची गेली.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पण यंत्राच्या कंपनाने प्रतिमा हलत नाही का?

प्रतिसाद ३
त्यासाठीच दाबयंत्र उपकरणाजवळ न ठेवता सौरढालीच्या उष्ण बाजूस, यानाच्या मुख्य भागात ठेवले आहे. त्याचे दट्ट्ये समोरासमोर चालून एकमेकांचा धक्का खोडतात. कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामकातून वायू जोराने सुटला की तोंडाशी पांढरा बर्फ जमतो, तसाच या यंत्रात फिरणारा हेलियम वायूही झडपेतून पसरताना थंड होतो; मात्र खोलीच्या तापमानाला तो उलट किंचित तापतो. म्हणून स्पंदनलिकेच्या (वायूच्या दाबाच्या चढउतारांनी थंडावा देणाऱ्या नळीच्या) टप्प्यांनी त्याला आधी सुमारे १८ केल्विनपर्यंत उतरवतात आणि मगच अरुंद नळीतून मिरीजवळच्या झडपेकडे धाडतात. पसरलेला वायू उष्णता घेऊन परत येतो, पुन्हा दाबला जातो. त्यामुळे तो टाकीतल्यासारखा खर्ची पडत नाही. ७ एप्रिल २०२२ रोजी मिरी ७ केल्विनखाली पोहोचले ते याच मार्गाने.