'एस्केप' करायचं म्हणजे डॉलरचं नेमकं काय करायचं?

धुरकरी
दारव्हा तालुक्यातल्या आमच्या शाळेला सात जुने लॅपटॉप मिळाले आहेत. सगळ्यांवर उबुंटू. वायफायच्या डोंगलचा ड्रायव्हर आपणच बांधून बसवावा लागतो, कर्नल (उबुंटूचा गाभा) बदलला की पुन्हा. नववीच्या पोरांना हे जमावं म्हणून मराठीत चार पानी पत्रक लिहितोय. मेकफाईलमध्ये, म्हणजे 'मेक' या प्रोग्रॅमसाठी बांधणीच्या सूचना असतात त्या फाईलमध्ये, एक फॉर लूप आहे, तो बांधलेली मॉड्यूलं (ड्रायव्हरच्या तयार फाईली) एकेक करून जागेवर नेतो. तिथे 'एफ' या चलाआधी डॉलरचं एकच चिन्ह होतं, ते एस्केप करायला हवं होतं, म्हणजे मेकनं त्याचा खास अर्थ न लावता ते तसंच पुढे सोडावं असं लिहायला हवं होतं. मी लिहिलं, 'इथे डॉलरची सुटका करा.'

पोरीनं डॉलर खोडून टाकला. वर मलाच म्हणते, सर, सुटका केली न त्याची!

मग 'एफ' नावाची फाईलच नाही, असं संगणकानं ऐकवलं. पोरीचं काही चुकलं नाही, माझा शब्द चुकला. तुम्ही काय म्हणता याला?

पऱ्हाटी
एस्केपच म्हणतो. पोराईले सरळ 'डॉलर डबल करा' सांगा न भाऊ. एक डॉलर मेक खाते, दुसरा शेलले, म्हंजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमले, भेटते. सरकी टोबताना एका जागी दोन दाणे टाकतो, तसं.

धुरकरी
मेकफाईलपुरतं चालेल. पण पुढच्या पानावर शेल स्क्रिप्ट आहे. तिथे दोन डॉलर लिहिले तर शेलला वाटतं, स्वतःचा प्रोसेस क्रमांक विचारलाय. तिथे उलटी तिरकी रेघ लागते, नाहीतर एकेरी अवतरण. रीत प्रत्येक ठिकाणी वेगळी, सांगायचं एकच. म्हणून तर शब्द शोधतोय.

निवृत्त मास्तर
उलटी तिरकी रेघ म्हटल्याबरोबर मला हलन्त दिसला. आपण अक्षराचा पाय मोडतो ना, रेघ अगदी तशीच उतरते. 'डॉलरचा पाय मोडा' म्हणा, पोरं विसरणार नाहीत.

पण खरा मुद्दा शब्दशक्तीचा आहे. 'घरावरून हत्ती गेला' हे लक्षणेचं उदाहरण मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. दरवर्षी एक तरी पोरगं विचारायचं, कौलं फुटली नाहीत का? त्या पोरानं वाक्य अभिधेत घेतलं. एस्केप म्हणजे तेच: पुढचं चिन्ह अभिधेत घ्या, त्यात दुसरं काही शोधू नका. पाणिनीनं यासाठी सूत्रच केलंय, 'स्वं रूपं शब्दस्याशब्दसंज्ञा', पहिल्या अध्यायाचा पहिला पाद, ६८वं सूत्र. शब्द म्हणजे शब्दाचं स्वतःचं रूप, तो शास्त्रातली संज्ञा नसेल तर. डॉलर ही शेलची संज्ञा. ती संज्ञा काढून घेतली की उरतं ते स्वरूप. सबब, 'स्वरूपण'.

पऱ्हाटी
सर, नववीचं पोरगं स्वरूपण वाचून लॅपटॉपच बंद करन.

शुद्धमती
पाय मोडला की अक्षरातला स्वर जातो. इथे डॉलरमधलं काहीच जात नाही, तेव्हा ती उपमा चुकीची. 'निर्विशेषण' हा शब्द अर्थाला धरून आहे. आणि 'डबल करा' काय? 'दुहेरी करा' म्हणता येत नाही?

पऱ्हाटी
येते न. पण ताई, मेकफाईल, शेल, डोंगल हे सगळं तुम्ही गपगुमान वाचलं, अडलात डबलवर.

काथ्याकूट
मुळात इंग्रजी शब्दच पाहा. लॅटिनमध्ये 'कप्पा' म्हणजे अंगावरचा झगा. त्यातून बाहेर निसटायचं, धरणाऱ्याच्या हातात नुसता झगा. संगणकात हा शब्द १९६०च्या सुमारास बॉब बेमर यांनी आणला. त्यांना म्हणायचं होतं, आता या चिन्हतक्त्यातून बाहेर पडून दुसऱ्या तक्त्यात जा. म्हणजे 'सुटका' अगदीच वावगं नव्हतं, फक्त सुटायचं होतं नेहमीच्या अर्थातून. पोरीनं डॉलरच सोडवला!

शिवारातला
तुमचं चालू द्या. आमच्याकडं डवऱ्याले बैल जुंपला का आधी त्याले मुस्कं घालतात. दोन्ही बाजूनं कपाशी, बैल तोंड घालनच. मुस्कं घातलं म्हून तो बैल रायत नाई असं थोडीच हाये? चालते, ओढते, वळते. फक्त तेवढ्यापुरतं तोंड बंद. माहा आबा एक डाव मुस्कं घालाले इसरला, अन् अर्ध्या तासाचे शेंडे साफ. हा तास घड्याळाचा नाई, पऱ्हाटीचा, शहरातल्यांसाठी सांगतो.

'डॉलरले मुस्कं घाला.' झालं.

धुरकरी
भाऊ, हे आवडलं. पण एक अडचण. आमची स्क्रिप्ट दुसरी एक स्क्रिप्ट लिहून ठेवते, ती कर्नल बदलल्यावर चालायची असते. तिच्यात डॉलर उघडा राहिला तर युनेमचं (कर्नलची आवृत्ती सांगणाऱ्या आज्ञेचं) उत्तर आजच छापून जातं, आणि पुढे कर्नल बदलला तरी मॉड्यूल जुन्याच आवृत्तीच्या फोल्डरात जाऊन पडतं. म्हणजे तिथे डॉलरचं तोंड कायमचं बंद करायचं नाहीये, नंतर त्यानं खायलाच हवं.

शिवारातला
मंग? धुऱ्यावर आलं का मुस्कं काढतेच न माणूस. का बैल उपाशी मारता?

निवृत्त मास्तर
वा! मी 'स्वरूपण' मागे घेतो. मात्र 'मुसके' लिहा, 'मुस्कं' नको.

शुद्धमती
पाठात हे लिहिणार? वाचणाऱ्याला आधी मुसक्या आवळणं आठवेल, पोलीस चोराच्या आवळतात त्या. चोर कुठे, डॉलर कुठे.

काथ्याकूट
तो शब्द वेगळा असावा. मुसक्या दंडांच्या, मागे बांधलेल्या. हिंदीत 'मुश्कें बाँधना' म्हणतात. बैलाचं मुसकं तोंडाचं. मला तरी ते मुस्कटाच्या घरचं वाटतं.

शुद्धमती
वाटतं म्हणजे व्युत्पत्ती झाली का? दोन्हीत बांधणंच आहे, एकातून दुसरा निघायला काय हरकत?

पऱ्हाटी
दंड बांधलेला बैल डवरा कसा ओढन, ताई?

निवृत्त मास्तर
आमच्या आजोळी, मोर्शीकडे, मुसकी घरीच विणत. उन्हाळ्यात ओसरीवर बसून, काथ्याची. जाळीचा डोळा किती ठेवायचा यावरून दोन मामांची भांडणं होत. डोळा मोठा ठेवला तर बैल जीभ काढून पानं ओढतो.

शिवारातला
बरोबर हाये. आता बजारात नायलॉनचं भेटते. बैलाच्या नाकाले घासते.

धुरकरी
मंडळी, पत्रक उद्या छापायला द्यायचंय. काय लिहू?

निवृत्त मास्तर
शिवारातले भाऊ, काथ्याचं कोणी अजून विणतं का तुमच्याकडे? मला एक हवं होतं. बैल नाही आता, नुसतं खुंटीला टांगायला.