मदत हवी आहे: टेनिस खेळताना ऊन लागतंय हे बाहेरून कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असतो आणि लेकीची टेनिस स्पर्धा नेमकी तेव्हाच आहे. पोटऱ्यांत गोळे, चक्कर, मळमळ दिसली की खेळ थांबवून सावलीत न्यायचं, हे ठाऊक आहे. असंबद्ध बोलणं, तोल जाणं म्हणजे उष्माघाताची शंका. मग घाम येत असला तरी गाफील राहायचं नाही, लगेच अंगावर गार पाणी ओतायचं, 108 ला फोन करायचा. पण त्याआधीचं काय? पोर भारी जिद्दी, त्रास होतोय असं स्वतःहून सांगणारच नाही. सोपे फटके चुकणं, गुण विसरणं, चिडचिड, यातला साधा थकवा कुठला आणि ऊन लागणं कुठलं? विदर्भातले प्रशिक्षक, पालक, तुम्ही नेमकं काय बघता? आणि सामना थांबवायला पंचांना कसं सांगता?