कॅराव्हॅनच्या टेललाइटमध्ये पाणी साचतंय, सिलिकॉन लावूनही

मुसाफिर_इंदूर

१४ फुटी, सिंगल ॲक्सलची, गाडीमागे ओढायची (टोइंग) कॅराव्हॅन आहे. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आत लाकडी चौकट आणि ६ मिमी प्लाय. इंदुरात उघड्यावरच उभी असते. पहिल्या दोन पावसांतच डाव्या टेललाइटमध्ये बोटभर पाणी साचलं. उजवीकडे नुसती वाफ धरते. गेल्या वर्षी दोन्ही काचांभोवती चारही बाजूंनी सिलिकॉन फिरवलं होतं, तरी ही गत. आतून दिव्याखालचा प्लाय दाबला तर मऊ लागतो, आणि ब्रेक दाबला की डावा इंडिकेटरही मिणमिणतो. दिवे साधे, बल्बचे. काच बदलू, पूर्ण दिवा बदलू, की दुखणं भलतीकडेच आहे? ऑगस्टात मांडूला न्यायची आहे.

पत्राकाम

चारही बाजूंनी सिलिकॉन, इथेच चुकलं. टेललाइट म्हणजे हवाबंद डबी नव्हे. बल्ब तापला की आतली हवा फुगून बाहेर पडते. दिवा विझला की ती आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढते. कडेला थेंब लोंबत असेल तर तोही जातो. म्हणून खालच्या कडेला निचऱ्याचं बारीक भोक किंवा खाच ठेवलेली असते. ती तुम्ही बुजवलीत. आधी ते भोक टोच्याने मोकळं करा. दिवे बसवताना डावा-उजवा अदलाबदल झाला किंवा दिवा उलटा बसला, तर हेच भोक वर येतं आणि त्याचं नरसाळं होतं. तेही बघून घ्या.

उजवीकडची वाफ अर्धा-पाऊण तास दिवे लावल्यावर जात असेल तर तिकडे एवढंच पुरे. डावीकडचं प्रकरण वेगळं. बोटभर पाणी नुसत्या वाफेने साचत नाही. काचेच्या फटीतून आलेलं पाणी बहुतेक दिव्यातच राहतं, पण तुमचा प्लाय मऊ झालाय. म्हणजे पाणी दिव्याचा बेस (मागची बैठक) आणि पत्रा यांच्या मधून शिरतंय, नाहीतर त्याहून वरून: छताची शिवण, ऑनिंगची (बाहेर उघडणाऱ्या छपराची) पट्टी, वरच्या कोपऱ्यातला मार्कर, म्हणजे गाडीची कड दाखवणारा छोटा दिवा. भिंतीच्या आत उतरलेलं पाणी वायर धरून खाली येतं आणि वायर त्याला थेट दिव्यात नेऊन सोडते. तिथे नवी काच बसवून काय होणार?

शोधायचं असं. दिव्यातलं पाणी काढून तो पुसून कोरडा करा. आतल्या बाजूने वायरच्या भोकाभोवती टिश्यू पेपर चिकटवा. मग नोझल न लावता, बागेच्या पाइपने हळू धार सोडायची, आणि खालून वर सरकत जायचं. आधी फक्त दिव्याची खालची कड, ५ मिनिटं. मग बाजू, मग वरची कड, मग पत्र्याची शिवण, मग मार्कर, शेवटी छत. प्रत्येक टप्प्याला ५ मिनिटं द्या, पाण्याला भिंतीतून उतरायला वेळ लागतो. वरून सुरुवात केली तर सगळंच एकदम ओलं होतं आणि काही कळत नाही. प्रेशर वॉशर नको, एरवी न गळणारी जागाही तो गळवतो.

दाभण_दोरा

वरच्याशी सहमत. बेस काढावाच लागेल म्हणून सीलिंगचं लिहितो.

जुनं सिलिकॉन पूर्ण निघालं पाहिजे, कारण त्याच्या थरावर नवं काहीही धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. प्लॅस्टिकच्या पात्याने खरवडा आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. काचेला थिनर, पेट्रोल, ॲसिटोन लावू नका. ॲक्रिलिक असो वा पॉलिकार्बोनेट, स्क्रूच्या भोकांपासून केसासारख्या चिरा पसरतात आणि पुढच्या पावसात त्याच गळतात.

बेस आणि पत्रा यांच्यात बुटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) घाला, साधारण ३ मिमी जाड, २० मिमी रुंद. वरची कड, दोन्ही बाजू, आणि वायरच्या भोकाभोवती पूर्ण वेढा. प्रत्येक स्क्रूच्या भोकाभोवतीही छोटं कडं. खालची कड मात्र मोकळी, मागे काही शिरलंच तर बाहेर पडायला वाट हवी. स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा. बुटाइल वाळत नाही, दबून बाहेर येतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाव फेरा द्या आणि बाहेर आलेलं कापून टाका. मे महिन्यातल्या उन्हात ते आणखी पाझरेल, तेव्हाही तेच.

पॉलियुरेथेन सीलंट इथे वापरू नका. धरतं उत्तम, पण पुढच्या वेळी बेस तुटूनच निघेल. ते शिवणीसाठी ठेवा. सिलिकॉनच लागलं तर ट्यूबवर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं बघा. इंदूरच्या सियागंज बाजारात जे सर्रास हातात देतात, सिरक्याच्या वासाचं, ते वाळताना ॲसेटिक आम्ल सोडतं आणि तांब्या-पितळेला हिरवं करतं.

काचेचं गास्केट, म्हणजे कडेची पट्टी, स्पंजचं असेल तर बदला. बंद छिद्रांचा ईपीडीएम (रबरी) फोम घ्या. तुकडा पाण्यात दाबून सोडा, पाणी पिऊन जड झाला तर तो नको. पट्टीचा सांधा खाली ठेवा, वर कधीच नाही. काचेचे स्क्रू हातानेच, फोम एक तृतीयांश दबला की थांबा. जास्त आवळल्याने काच कमानीसारखी वाकते आणि दोन स्क्रूंच्या मध्ये फट पडते. "अजून थोडं आवळू" या नादात जितक्या काचा गेल्या तितक्या दगड लागून गेल्या नसतील.

बारा_व्होल्ट

ब्रेकला इंडिकेटर मिणमिणतो, म्हणजे अर्थ (करंट परत नेणारी निगेटिव्ह वायर) गेलाय. ब्रेकच्या २१ वॅट फिलामेंटमधला करंट परत जायला वाट शोधतो आणि शेजारच्या बल्बमधून जातो. खात्री करायला दिव्याच्या अर्थपासून टोइंग गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत तात्पुरती वायर ओढा. मिणमिण थांबली की निदान झालं. मल्टिमीटर असेल तर ब्रेक दाबून धरून याच दोन ठिकाणांमधला व्होल्टेज बघा: ०.२ च्या आत ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर बिघाड.

होल्डरमधला हिरवा गंज ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा. स्प्रिंग ढिली असेल तर होल्डरच बदला. वायर सोलून आत बघा. तांबं काळं पडलं असेल तर पाणी तारांच्या मधून वातीसारखं चढलंय. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा, आणि नवा जोड आतून गोंद असलेल्या हीट श्रिंक स्लीव्हमध्ये (तापवल्यावर आकसणाऱ्या नळीत) घ्या. चिकटपट्टी पाणी अडवत नाही, धरून ठेवते. दिव्यात शिरण्याआधी वायरला खाली एक झोळ द्या, थेंब तिथून गळून पडतो. गाडी आणि कॅराव्हॅन जोडणारा सातपिनी प्लगही उघडा. १२एन पद्धतीचं वायरिंग असेल तर ३ नंबरची पिन, पांढरी वायर, म्हणजे अर्थ.

एलईडीचा सीलबंद दिवा लावलात तर काचेची कटकट संपते, भिंतीतल्या पाण्याची नाही. दिव्यावर आयपी६७ हा पाणीरोधक दर्जा लिहिलेला असेल, तर तो १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकण्यापुरता. प्रेशर वॉशरचा जेट त्यात येत नाही, त्याला आयपी६९के लागतं. शिवाय करंट कमी पडल्याने काही गाड्यांचा फ्लॅशर (इंडिकेटर मिचकावणारा रिले) भरभर मारायला लागतो.

मुसाफिर_इंदूर

पाइप लावून पाहिला. दिव्याच्या चारही कडांवर धार धरली तरी टिश्यू कोरडा. वरच्या मार्करवर धार धरली आणि ७ मिनिटांत खालचा टिश्यू भिजला. मार्करचं गास्केट बिस्किटासारखं तुटून हातात आलं. तात्पुरती अर्थ लावल्यावर इंडिकेटरही शांत. आता प्लायचं काय? आणि पावसात सीलंट धरेल का?

दाभण_दोरा

आधी दाभण टोचा. टोक २ मिमीपेक्षा जास्त सहज गेलं तर तो भाग कडक लाकूड लागेपर्यंत कापा आणि आयएस ७१० (भारतीय मानक) चा मरीन प्लाय बसवा. वरवरचीच ओल असेल तर दिवे काढून, भोकांवर बाहेरून ताडपत्री टाकून आतून पंखा ४–५ दिवस चालू ठेवा. ओल्या लाकडावर बाहेरून सील केलंत तर आत भुसा होईल. स्क्रूची सैल भोकं इपॉक्सी आणि लाकडाच्या काड्यांनी भरा, दुसऱ्या दिवशी नव्याने ड्रिल मारा. स्क्रू स्टेनलेसचे घ्या, पण बुटाइलमधूनच घाला, ॲल्युमिनियमला थेट टेकले तर पत्रा खातात.

दमट हवेची चिंता नको, शिवणीवरचं पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्यावरच धरतं, दिवसाला साधारण ३ मिमी. पत्रा मात्र लावताना ठणठणीत कोरडा हवा, आणि पहिले काही तास पाऊस नको. मार्करलाही खालची कड मोकळी.

पत्राकाम

उजव्या बाजूचा मार्करही आत्ताच काढून बघा. गास्केट त्याच वयाचं आहे.