जुन्या गाडीचं मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) तपासायला काय घ्यावं: स्कॅनर, वाइडबँड की साधं व्हॅक्यूम गेज?

डबलडीक्लच:
ओळखीतल्या दोघांनी ब्लूटूथ स्कॅनर मागवले. एकाकडे कार्ब्युरेटरवाली मारुती ८००, दुसऱ्याकडे २००१ची झेन. पहिल्याच्या गाडीत स्कॅनर लावायला जागाच नाही, दुसरीशी तो बोलायला तयार नाही. स्कॅनर वाचतो ते ओबीडी, म्हणजे गाडीच्या संगणकाने स्वतःचे दोष नोंदवायची सोय. आपल्याकडे ते आलं बीएस-४ या प्रदूषण नियमांबरोबर, २०१०मध्ये. ओबीडी-२ सक्तीचं झालं २०१३ला. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांना हे यंत्र शोभेचंच.

माझं म्हणणं सरळ आहे. पहिले पैसे व्हॅक्यूम गेजवर घाला. इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या पाइपाला जोडा, इंजिन गरम करा, स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) बघा. काटा १७ ते २१ इंचांवर (पाऱ्याच्या) ठाम हवा. पुण्यात उंचीमुळे दोनेक इंच कमी दिसेल, त्याने घाबरू नका. काटा खालीच बसला असेल तर कुठून तरी हवा ओढली जातेय किंवा ठिणगीचं टायमिंग मागे आहे. ठरावीक तालात झटके देत असेल तर व्हॉल्व्हकडे बघा. हे कळल्याशिवाय मिक्श्चरच्या स्क्रूला हात लावू नये. लोक नेमकं उलटं करतात.

लॅम्बडा_१:
गेज व्हॅक्यूम दाखवतं, मिक्श्चर नाही. मिक्श्चर मोजायचं तर सायलेन्सरच्या पाइपात वाइडबँड सेन्सर (धुरातल्या ऑक्सिजनवरून मिक्श्चर सांगणारा) बसवा, बाकी सगळे अंदाज. एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हा आकडा आपण पाठ केलाय, पण पंपावर आता ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) मिळतं, त्याला तो साडेतेराच्या आसपास येतो. कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) जुन्याच पेट्रोलच्या हिशोबाने पाडलेला, म्हणजे गाडी आपोआप लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त). हे तुमचा काटा सांगणार आहे का? स्लोवर सगळं छान आणि खंबाटकी चढताना गाडी दम टाकते, ही तक्रार चालत्या गाडीत मोजल्याशिवाय सुटत नाही.

मिस्त्रीचा_पोर:
साहेब, प्लग काढून बघायला काय होतं? काळा कोरडा म्हणजे रिच (पेट्रोल जास्त), पांढराफटक म्हणजे लीन, बदामी म्हणजे बरोबर. वडिलांनी पद्मिन्या अशाच लावल्या, गिऱ्हाईक परत आलं नाही.

लॅम्बडा_१:
वडिलांबद्दल आदर आहे, पण ते प्लग शिशाच्या पेट्रोलचे. २०००च्या फेब्रुवारीपासून देशभर बिनशिशाचं आलं, तेव्हापासून प्लगवर तसा रंग धरत नाही. आणि रहदारीतून रखडत गॅरेजपर्यंत आलेल्या गाडीचा प्लग स्लोचीच गोष्ट सांगणार.

मिस्त्रीचा_पोर:
रंग फिका पडलाय, मान्य. पण चारातला एकच प्लग काळा असेल तर त्या सिलिंडरचाच दोष, कार्ब्युरेटरला शिव्या देऊन उपयोग नाही. तुमचा सेन्सर चारही सिलिंडरचा धूर एकत्र करून एकच आकडा सांगतो. कुठला सिलिंडर, ते कोण सांगणार?

डबलडीक्लच:
हा मुद्दा वजनदार आहे. वर अजून एक: एक सिलिंडर मिसिंग मारत असेल तर न जळलेली हवा तशीच बाहेर येते. सेन्सर ऑक्सिजन मोजतो, त्यामुळे तो 'लीन' म्हणतो. त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवलं की उरलेले तीन प्लगही काळे. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टचं गॅस्केट फुंकत असेल तरी हेच.

पीयूसी_प्रेमी:
सगळ्यांनी पीयूसीची पावती केराच्या टोपलीत टाकली वाटतं. तिच्यावर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (न जळलेलं इंधन) दोन्ही असतात! बीएस-२च्या आधीच्या गाडीला सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पीपीएमपर्यंत चालतं, म्हणून 'पास' या शब्दाकडे बघूच नका, आकडे बघा. सीओ चढलेला म्हणजे रिच. सीओ कमी आणि एचसी भरमसाट, म्हणजे ठिणगी चुकतेय किंवा मिश्रण इतकं लीन की पेटतच नाही. एवढं निदान त्या पावतीच्या पैशात अजून कोण देतं?

लॅम्बडा_१:
नळी सायलेन्सरमध्ये नीट घातली असेल तर. अर्धी बाहेर लोंबत असते, निम्मी बाहेरचीच हवा मोजतात.

पीयूसी_प्रेमी:
मग शेजारी उभं राहा आणि आत घालायला सांगा. चार गॅस मोजणारं मशीन असेल तर स्क्रीनवरचा ऑक्सिजनही वाचून घ्या.

झेनवाली:
माझी २००२ची एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरवाली) आहे. तिला ना स्क्रू, ना ओबीडी-२. तुम्ही सगळे कार्ब्युरेटरवर भांडताय, आमच्यासारख्यांनी काय करायचं?

डबलडीक्लच:
ताई, तुमच्यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर. गरम इंजिनावर ऑक्सिजन सेन्सरच्या सिग्नलच्या तारेवर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली व्हायला हवं. ०.९जवळ चिकटून राहिलं तर रिच, खाली पडून राहिलं तर लीन किंवा सेन्सरच मेलेला. जोडीला फ्युएल प्रेशर गेज भाड्याने मिळालं तर उत्तम, पंप म्हातारे झालेत आता.

लॅम्बडा_१:
बघा, शेवटी सेन्सरवरच आलात ना!

डबलडीक्लच:
कंपनीने दिलेल्यावर आलो. भोक पाडून बसवलेल्यावर नाही.

मिस्त्रीचा_पोर:
ज्यांना वाइडबँड बसवायचाच आहे त्यांनी आधी मॅनिफोल्डच्या गॅस्केटभोवती कार्ब्युरेटर क्लीनरचा हलका फवारा मारून बघा. इंजिन थंड असताना, एक्झॉस्टपासून लांब, नाहीतर पेटेल. स्लोचा आवाज बदलला तर हवा तिथूनच जातेय. आणि वेल्डिंग केलंच तर सेन्सर पाइपाच्या वरच्या अंगाला तिरका ठेवा, खालच्या बाजूला नको. सकाळी एक्झॉस्टमध्ये साचलेलं पाणी तापलेल्या सेन्सरवर उडालं की तडकतो.